चिलटाची कुडी

आमच्या घरात सैल असं काही नव्हतंच. नळाची चावी, कंदिलाची कडी, मायच्या स्टोव्हचा बर्नर, माझ्या सायकलीचं कॅरिअर, जिथं म्हणून नट होता तिथं आबांनी बारीक भोक पाडून तार ओवलेली. तार अशी पिळलेली की नटानं सुटायचं मनात आणलं तर तीच त्याला उलटा आवळणार. विमानात असंच असतं, असं आबा सांगत. त्यात खोटं काही नव्हतं. फक्त आम्ही विमानात राहत नव्हतो, पूर्णेला स्टेशनच्या मागं दोन पत्र्याच्या खोल्यांत राहत होतो. बर्नर साफ करायचा तर मायला आधी पक्कड शोधावी लागे, मग आबांना. तेवढ्यात तिची चुलीवर भाकरी थापून व्हायची. पुढच्या खोलीत आबांचं दुकान. उन्हाळ्यात कुलर, सुगीत धान्याच्या कोठ्या. दिवसभर पत्रा कापायचा, वाकवायचा, ठोकायचा, आणि मागं यार्डात शंटिंग चाललेलं. घरातलं प्रत्येक माणूस मोठ्यानंच बोले. आजही फोनवर माझी सून रिसीव्हर कानापासून लांब धरते, तिला वाटतं मी रागावले आहे.

आबा म्हणजे माझे वडील. हवाई दलात पंधरा वर्षं काढून ते गावाकडं परत आले, आणि तिथून आणलेली एकच गोष्ट त्यांनी आयुष्यभर वापरली, ती म्हणजे शिस्त. आबांचा कुलर उचलायला चार माणसं लागत. रिव्हेटा मोजून एकेका इंचावर, कडा दोनदा दुमडलेल्या. दैठण्याचा एक शेतकरी कुलर न्यायला आला तेव्हा त्याच्याभोवती फिरून म्हणाला होता, पायलट, ह्यो गार करतो का उडतो ते एकदा सांगा. आबांना ही स्तुती वाटली.

पायलट म्हणजे आबाच. अख्खी पूर्णा त्यांना तसंच म्हणे. मिशी कातरलेली, बूट रोज पॉलिश केलेले, हिंदी बोलताना मान ताठ. लोकांनी दुसरं काय समजावं? मी पायलट होतो असं आबा कधी म्हणाले नाहीत. नव्हतो असंही म्हणाले नाहीत. लढाईच्या गोष्टी सांगताना ते 'आमी' म्हणत. आमी सकाळी चार इमानं सोडली, चारी परत आली. 'आमी' हा लय सोयीचा शब्द आहे. त्यात कोण कुठं बसलं होतं ते सांगावं लागत नाही. मी तर त्यांना पायलटच धरून चालले होते, आणि शाळेत ते माझ्या फार कामी आलं. आम्ही बौद्ध. हजेरीत आडनाव वाचलं की बाकावरच्या मुली अर्धी वीत पलीकडं सरकत. मग कुणीतरी सांगे, अगं ही पायलटची शकू, आणि त्या अर्धी वीत परत सरकत. त्या परत मिळालेल्या अर्ध्या वितीवर मी दहावी पास झाले.

मी अकरावीत असताना गावात विमान आलं. आणलं भाऊसाहेबांनी. भाऊसाहेब आमच्या शाळेच्या संस्थेचे अध्यक्ष, पांढरेशुभ्र, गोल, आणि कायम कुठल्या तरी उद्घाटनाच्या वाटेवर. त्यांचं दुःख असं होतं की परभणीला शेतकी विद्यापीठ आहे, पाथरीला यात्रेकरू येतात, आणि पूर्णेत माणूस उतरतो तो दुसरी गाडी पकडायला. म्हणून त्यांनी दिल्लीपर्यंत पत्रं लिहून तरुणांना स्फूर्ती देण्यासाठी एक निवृत्त लढाऊ विमान मागवलं. ते दोन ट्रकांवर तुकड्यांत आलं. एका ट्रकात धड, दुसऱ्यात दोन्ही बाजूंचा मिळून एक अखंड पंख, शेपटाची पाती आणि खोकी. वाजतगाजत मिरवणूक निघाली. बायका ओवाळायला आल्या आणि ट्रकाकडं बघून एकमेकींना विचारू लागल्या की बाकीचं मागून यायलंय का. विमान आमच्या एस.टी.पेक्षा आखूड होतं. त्याच्या जातीचं नाव नॅट. नॅट म्हणजे काय, असं कुणीतरी विज्ञानाच्या मास्तरांना विचारलं, आणि मास्तरांनी प्रामाणिकपणे सांगितलं की चिलट. त्या दिवसापासून भाऊसाहेबांच्या स्फूर्तिस्थानाला साऱ्या तालुक्यात चिलट म्हणतात.

ते जोडून द्यायला हवाई दलाची दोन माणसं सोबत आली होती. पण ज्यावर विमान उभं करायचं तो सिमेंटचा ओटा अजून भाऊसाहेबांच्या भाषणातच होता. ती माणसं दोन दिवस थांबली, भाऊसाहेबांकडं मटण जेवली, बोल्टांची पेटी आणि यादी ताब्यात दिली, सही घेतली आणि गेली. चिलट शाळेच्या मैदानाच्या कडेला दोन पावसाळे पडून राहिलं. एवढ्या दिवसांत गावानं त्याच्याकडून जमेल तेवढी स्फूर्ती घेतली. चाकाच्या झडपेचं खुराड्याचं दार झालं. शेपटाजवळचं गोल झाकण एका रांजणावर बसलं, आणि लोक म्हणत की पाणी गार राहतं. सगळ्यात चांगलं नशीब वैमानिकाच्या डोक्यावरच्या काचेच्या घुमटाचं निघालं. स्टेशनसमोरच्या हॉटेलवाल्यानं तो जिलबीच्या परातीवर पालथा घातला. माशा लागत नसत आणि जिलबी लांबून दिसे.

मग एक दिवस भाऊसाहेबांना हवाई दलातले एक निवृत्त मोठे अधिकारी प्रमुख पाहुणे म्हणून मिळाले. स्वतः लढाईत विमान चालवलेले, खरे पायलट. तारीख ठरली. आठ दिवसांत ओटा झाला. आणि आता जोडायचं कुणी, हा प्रश्न पडल्यावर साऱ्या गावानं एका सुरात सांगितलं, आपल्याकडं पायलट हाय की. भाऊसाहेब स्वतः आमच्या दारात आले. आबा लगेच हो म्हणाले. ते गेल्यावर माय पिठाचे हात झटकत म्हणाली, "बरं झालं तुमी पायलट न्हाईत ते. पायलटला इमानात बसाया येतं, इमान बसवाया येतंय का?" मला तो विनोद वाटला. मी हसले.

आधी आठवडाभर आबा घरोघर फिरून विमान गोळा करत होते. हातात यादी, बगलेत पिशवी. हॉटेलवाला घुमट द्यायला तयारच होईना. शेवटी आबांनी त्याला पत्र्याचं आणि काचेचं कपाट करून दिलं, तेव्हा कुठं घुमट परत आला, आतून पाकानं माखलेला. यादीतल्या एका वस्तूचा मात्र पत्ता लागेना. नाकाशी असते ती हवेचा वेग मोजायची लांब, बारीक नळी. आबांनी गाव पालथं घातलं. एका सकाळी चहा पिता पिता त्यांची नजर चुलीकडं गेली. माय वाकून त्याच नळीनं जाळ फुंकत होती. मैदानात शेण गोळा करायला गेली तेव्हा तिला सापडली होती, आणि इतकी चांगली फुंकणी तिला आयुष्यात मिळाली नव्हती. आबांनी ती काय आहे ते समजावून सांगितलं. माय म्हणाली, मग मीबी वाराच फुंकायली, येगळं काय करायली. द्यायला मात्र तिनं तीन दिवस लावले.

विमानातून इंजीन, बंदुका, घड्याळं, तारा असं सगळं वजा केलं की जे उरतं त्याला एअरफ्रेम म्हणतात. धड, पंख, शेपूट, पाय. आबा त्याला कुडी म्हणत. आमचं चिलट म्हणजे नुसती कुडीच होती, इंजीन आधीच काढलेलं. पण आबांना त्याचं काही नव्हतं. त्यांचा सारा जीव कुडीतच असे. त्यांनी मला पहिल्या दिवशी नखानं रंग खरवडून दाखवला. ओल धरलेल्या भिंतीला खार फुटते तशी ॲल्युमिनियमवर पांढरी भुकटी आलेली. बाहेरून रंग चांगला दिसतो आणि आत धातू पिठासारखा झालेला असतो, म्हणून डोळ्यावर विश्वास ठेवायचा नाही, बोटाच्या मागच्या बाजूनं ठोकून आवाज ऐकायचा. चांगला पत्रा टण्ण बोलतो. सडलेला ठप्प. आम्ही बापलेक दोन दिवस त्या कुडीला वैद्यासारखे ठोकत फिरलो, आणि जिथं ठप्प आलं तिथं खडूनं गोल काढला. शेवटी ती देवी आलेल्या पोरासारखी दिसायला लागली.

सगळ्यात वाईट हालत शेपटाकडच्या पोटाची होती. तिथला वीतभर पत्रा काढून नवा बसवायचा होता. रिव्हेट मारायला दोन माणसं लागतात. एक बाहेरून हातोडी मारतो, दुसरा आतून लोखंडी ठोकळा दाबून धरतो, म्हणजे रिव्हेटचं शेपूट आतल्या बाजूला चपटं होतं. आत जायला एका झाकणाएवढी वाट होती. आबा खांद्याला अडकले. दुकानात मी बाराव्या वर्षापासून कोठ्यांना रिव्हेटा मारत होते आणि अंगानं तर काडीच होते. मी पालथी सरपटत आत गेले. आत रॉकेलचा, उंदरांचा आणि तापलेल्या पत्र्याचा वास. गांधीलमाश्यांचं एक रिकामं पोळं. आतून बोललेलं बाहेर कळत नसे, म्हणून खुणा ठरल्या. मी एकदा ठोकलं तर अजून मारा, दोनदा ठोकलं तर झालं. आता माझे गुडघे जिना बघूनच कुरकुरतात, पण त्या अंधारात हाताला आलेला तो हादरा, आणि ठोकळ्याखाली धातू मऊ होऊन बसल्याची ती जाणीव अजून तळहातात आहे.

गावात अर्थातच चर्चा झाली. वयात आलेली पोरगी इमानाच्या पोटात घातली. शेजारणीनं मायला तसं तोंडावर विचारलं, तेव्हा मायनं सांगितलं की तितं आत येक माणूस बी घुसत न्हाई, तुज्या घराच्या मोरीपेक्षा बरं. दुपारी ती स्वतः भाकरी, येसर आणि कारळाची चटणी घेऊन यायची आणि आम्ही पंखाच्या सावलीत जेवायचो. पंख तेव्हा जमिनीवर लाकडी ठोकळ्यांवर होता, म्हणजे सावली अशी गुडघाभरच. तिच्यात डोकं घालून, पाय उन्हात ठेवून.

बारा-तेरा दिवस झाले असतील. त्या दिवशी आबा वैमानिकाच्या बैठकीची जमीन साफ करत होते. मी आत उतरून खुर्चीच्या सांगाड्यावर बसले. समोर घड्याळं काढून घेतलेली गोल भोकं, दोन पायांच्या मधे एक दांडा, पायाशी दोन पट्ट्या. मी दांड्यावर हात ठेवला आणि विचारलं, हे कशाचं. आबा म्हणाले, त्याच्या तारा पार मागं शेपटापतोर जातात. मी म्हटलं, तारा नव्हे, हे पुढं ढकलल्यावर काय वाटतं, विमान कसं होतं.

"मला काय ठाव," आबा म्हणाले. "ते सायबाला इचारावं लागंल."

"मग तुमी उडवताना काय करायचात?"

आबांनी चिंधी खाली ठेवली. "मी कवा उडवलं?" त्यांनी इतक्या साधेपणानं विचारलं की मला क्षणभर माझंच काही चुकलं असं वाटलं. "मी एअरफ्रेम फिटर हुतो. मी जोडायचो. आता जोडायलो तसंच."

मी खाली उतरले आणि घरी गेले. सतराव्या वर्षी माणसाला जगात एकच गोष्ट सहन होत नाही, ती म्हणजे आपलं हसू होणं, आणि मला साऱ्या शाळेतल्या साऱ्या बाकांवरच्या साऱ्या मुली एकदम पलीकडं सरकताना दिसल्या. दोन दिवस मी मैदानाकडं फिरकले नाही. आबांनी बोलावलं नाही. मला नंतर कळलं की ते काठीला ठोकळा बांधून, झाकणातून हात घालून एकटेच रिव्हेट मारायचा प्रयत्न करत होते.

तिसऱ्या दिवशी माय धपाट्याचं पीठ मळत होती. मी तिला विचारलं की तुला ठाऊक होतं का. ती म्हणाली, नवरा हाय माजा, ठाऊक नसंल का. मग मी बरंच काही बोलले. खोटारडेपणा, फसवणूक, पुस्तकातले सगळे शब्द. तिनं ऐकून घेतलं, पिठावर ओलं फडकं टाकलं आणि विद्यापीठाच्या नावाच्या वर्षाची गोष्ट सांगितली. विद्यापीठाला नवं नाव द्यायचा ठराव झाला आणि मराठवाड्यात आमच्या वस्त्या जळायला लागल्या, त्या वर्षी मी नऊ वर्षांची होते आणि मला मावशीकडं नांदेडला ठेवलं होतं. मावशीकडं आंबे होते, एवढंच मला त्या वर्षाचं आठवत होतं.

"दुपारची येळ हुती," माय म्हणाली. "तुजे आबा कोठीला रिव्हेटा मारायलते. रस्त्यानं चाळीस-पन्नास माणसं आली. काठ्या, राकेलचे डबे. मी म्हनलं घरात या. तर हे हातातलं हत्यार तसंच घिऊन दारात हुबे. पल्याड गफूरभाई हुते, लोकोशेडमदले. त्यांनी मोठ्यानं सांगितलं, फुडं जाऊ नका, पायलट हाय त्यो, मिल्ट्रीचा माणूस, त्याच्या हातात गन हाय."

"गन?"

"रिव्हेट गन म्हंतात न्हवं का त्याला? गफूरभाई खोटं बोलला न्हाई." ती फडकं काढून परत मळायला लागली. "ते लोक थांबले. बगितलं. माघारी फिरले. मंग पलीकडच्या वस्तीत गेले. तितं पायलट न्हवता."

तोपर्यंत गावात आबांना टिनवाला म्हणत. पायलट ते त्या दुपारपासून. मी नांदेडहून परत आले तेव्हा लोक पायलट म्हणत होते आणि मला वाटलं, कळलं वाटतं आता सगळ्यांना. आमच्या गल्लीतल्या अकरा घरांवरचे पत्रे त्या एका शब्दामुळं शाबूत राहिले होते. मायनं एवढंच म्हटलं की आपल्याला कुणी काही इचारलं न्हाई, आपुन काही सांगितलं न्हाई. मी चार धपाटी खाल्ली आणि मैदानावर गेले. आबांनी काठीचा ठोकळा सोडून माझ्या हातात दिला. मी आत सरपटले.

पंख चढवला तो दिवस गावानं सणासारखा साजरा केला. हे चार बोल्टांचं काम. धडाच्या पाठीवर खाच असते, तिच्यात अखंड पंख वरून उतरवायचा आणि चार ठिकाणी बोल्टांनी धरायचा. गफूरचाचांनी लोकोशेडमधून साखळीची कप्पी आणली. सागाच्या तीन बल्ल्यांचं तिकाटणं उभं केलं. चाचा साखळी ओढत होते, आबा हातानं इशारा करत होते, आणि दोनशे माणसं सल्ला देत होती. पंख उतरला, तीन बोल्ट बसले. चौथा केसभरानं अडला. हातोडी आणा, असा चारी बाजूंनी गजर झाला. भाऊसाहेबांनी तर स्वतः घण मागवला. आबांनी घण घेऊन आलेल्या माणसाला बसायला सांगितलं आणि मला सोडावॉटरवाल्याकडं बर्फ आणायला पाठवलं. मी लाकडाच्या भुशातली अर्धी लादी गोणपाटात बांधून आणली. आबांनी बोल्ट बर्फात पुरला, वर गोणपाट टाकलं आणि विडी ओढत बसले. तासभर दोनशे माणसं एका बोल्टाला थंड होताना बघत होती. काहींना वाटलं विधी आहे. मग आबांनी तो फडक्यात धरून काढला आणि भोकाला लावला. तो अंगठ्याच्या दाबानं आत गेला. थंडीनं लोखंड आकसतं, एवढीच ती विद्या, पण त्या दिवशी आबांनी आकाशात दोन फेऱ्या मारल्या असत्या तरी लोकांना एवढं नवल वाटलं नसतं.

समारंभाच्या आदल्या दिवशी मी आबांना गाठलं. आता मला उलटीच काळजी लागली होती. खरे पायलट येणार, ते चार प्रश्न विचारणार, आणि सगळं उघडं पडणार. मी म्हटलं, तुम्ही काही बोलू नका, नुसतं हसा, मी सांगते आबांना ताप आहे म्हणून. आबा नळीला शेवटचा हात फिरवत होते. "हवाई दलात येक नेम हाय," ते म्हणाले. "ज्यानं काम केलं त्यानंच सही करायची. दुसऱ्याच्या कामावर सही केली की नोकरी जाती. मी आठ वर्सं दुसऱ्याच्या कामावर सही करायलोय." मी म्हटलं, अन् परत कुणी आलं डबे घेऊन तर? त्यांनी नळी डोळ्याला लावून आरपार बघितलं. मग म्हणाले, "तर दारात हुबं ऱ्हावं लागंल. पायलट नसला तरी हुबं ऱ्हाताच येतंय की."

समारंभाला मांडव भरून माणसं. चिलट नव्या चंदेरी रंगात ओट्यावर, नाकापासून शेपटापर्यंत झेंडूचे हार. भाऊसाहेब पाऊण तास बोलले. शेवटी त्यांनी आबांना पुढं ओढलं आणि सांगितलं की याच वीरानं हेच विमान लढाईत उडवलं. टाळ्या थांबेनात. पाहुणे साहेब पांढऱ्या मिशांचे, ताठ. ते आबांकडं कुतूहलानं बघायला लागले. आबांनी माइक धरला. मी मायचा हात धरला.

"मी ह्ये इमान उडवलं न्हाई," आबा म्हणाले. "कोणतंच न्हाई. मी फिटर हुतो. सायब लोक उडवायचे, मी जोडायचो. ह्येबी जोडलंय. जोडाया माजी पोरगी हुती आन् गफूरभाई हुते. बास."

मग मागून कुणीतरी म्हणालं, बघा, किती साधा माणूस. आणि टाळ्यांचा असा कडकडाट झाला की मांडवावरची कबुतरं उडाली. भाऊसाहेबांनी डोळे पुसले. पुढचा वक्ता म्हणाला की खरा वीर कधीच आपल्या तोंडानं सांगत नाही. आबा दोनदा परत माइककडं गेले, दोन्ही वेळा लोकांनी त्यांना हार घातला. पाहुणे साहेबांनी हिंदीत सगळं नीट समजावून सांगितलं की हे फिटर आहेत, आणि फिटरशिवाय पायलट म्हणजे काहीच नाही. खाली बसलेल्यांनी एकमेकांना सांगितलं, ऐका, दिल्लीचा साहेब म्हणतोय की आपला पायलट नसता तर काहीच नव्हतं. माय एवढी हसली की तिला पदर तोंडात धरावा लागला. आबा मात्र खुर्चीवर बसले होते ते पाठीवरचं पोतं उतरवल्यासारखे. त्यांनी त्यांची सही केली होती. लोकांना वाचता आली नाही, तो लोकांचा प्रश्न.

भाषणं संपल्यावर साहेब ओट्यावर चढले. कोटाच्या खिशातून छोटी बॅटरी काढून त्यांनी शेपटाचं झाकण उघडायला लावलं आणि आत डोकं घातलं. बराच वेळ बघितलं. बाहेर येऊन विचारलं की आतून ठोकळा कुणी धरला होता. आबांनी माझ्याकडं बोट केलं. मी दोन वेण्या घालून, नवं पातळ नेसून उभी होते. साहेबांनी मला आपादमस्तक बघितलं आणि हिंदीत म्हणाले की काम चांगलं आहे, पण खालच्या ओळीतल्या अकरा रिव्हेटा तिरक्या बसल्या आहेत. मग ते चहाला गेले. त्या अकरा कुठल्या ते मला बघायचीही गरज नव्हती. दोन दिवसांनी मी परत आले त्या दुपारच्या त्या, राग पुरता निवला नव्हता आणि काम आटपायची घाई होती.

त्यानंतर चिलटाची देखभाल आमच्याकडंच राहिली. दर दिवाळीनंतर धुवायचं, पोटाखालची पाणी निघायची भोकं मोकळी करायची, कबुतरांना बाहेर काढायचं, निवडणुकीची पोस्टरं खरवडायची. विद्यापीठाला शेवटी नाव मिळालं त्या वर्षी पंखाखाली आठवडाभर पोलिसांचा बंदोबस्त होता, आणि आबा सकाळी जाऊन शिपायांना सांगून यायचे की टेकून बसा, पण दांडे पत्र्याला लावू नका. आबा गेल्यावर ते काम मी करते. शिडी धरायला हल्ली माणूस लागतं. पण मला सांगायचं आहे ते समारंभाच्या दुसऱ्या दिवसाचं.

सकाळी आबांनी मला उठवून मैदानावर नेलं. मांडव अर्धा सोडलेला, खुर्च्या उलट्यापालट्या, आणि विमानाच्या पुढच्या चाकाला कुणीतरी शेळी बांधून गेलेलं. आबांनी पिशवीतून हाताचा ड्रिल काढला. मला सगळं कळलं आणि रडूच आलं. मी म्हटलं, "आबा, आत कोण बगणार हाय? आन् हे काय आता उडणार हाय का?"

आबा ड्रिलला बिट लावत होते. "उडणार न्हाई, ते आपल्याला ठाव हाय," ते म्हणाले. "त्याला कशाला सांगायचं?"

मी ओढणी कमरेला खोचली आणि आत सरपटले. अकरा रिव्हेटा भोक पाडून काढायला, आणि नव्या सरळ बसवायला दुपार झाली. घामानं ठोकळा निसटत होता. दोनदा ठोकायचं तिथं मी एकदाच ठोकून परत परत मारायला लावलं, आणि बाहेरून आबा न कंटाळता मारत राहिले. शेवटची बसल्यावर मी बोटानं साऱ्या ओळीवरून हात फिरवला. अंधारात ती दोरीसारखी सरळ लागत होती. बाहेर आले तेव्हा माय फडक्यात धपाटी बांधून पंखाखाली बसली होती, आणि शेळीनं ओट्यावर चढून विमानाच्या नाकावरचे सगळे हार खाल्ले होते.